बरडावरचे रिंगण : गोटे उचलण्याआधी थोडे थांबा

तुमच्या वावराच्या वरच्या अंगाला, बरडावर, काळ्या गोट्यांचे एखादे मोठे रिंगण आहे काय? नागपूर भागात असाल तर असणे शक्य आहे. कोणी त्याला गवळ्याचा वाडा समजतो, कोणी राक्षसाचा खेळ. ट्रॅक्टरला आडवे येतात म्हणून ते गोटे धुऱ्यावर लोटले जातात. पण ते आपोआप जमलेले नाहीत. ती अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची दफने आहेत.

नागपूरजवळ काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला अशी सुमारे तीनशे रिंगणे आहेत. इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी एकोणिसाव्या शतकातच तिथे खोदून पाहिले. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथे डॉ. शां. भा. देव आणि सहकाऱ्यांनी उत्खनने केली.

रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली. मेलेल्या माणसाची हाडे, सोबत काळी-तांबडी मडकी आणि लोखंडी हत्यारे ठेवायची. वर माती व दगडगोट्यांची भर घालायची आणि भोवती मोठाले धोंडे लावायचे. माहुरझरीला तर माणसासोबत घोडाही पुरलेला निघाला, तांब्याच्या साजासकट. असे धोंडे ओढून आणणे एका घराचे काम नव्हे. गाव जमल्याशिवाय ते होत नाही. म्हणजे रिंगण ही कबर होती, तसाच मेलेल्याचा मानही होता. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे आहेत. त्यांचा संबंध दिशांशी वा आकाशातील ताऱ्यांशी असावा, असे काही संशोधक मांडतात. पण तो अजून अंदाजच आहे.

ही माणसे आपल्यासारखीच शेती आणि जनावरे राखणारी. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. आज आपण कुऱ्हाड वापरतो, त्या कामाची विदर्भातली सुरुवात या लोकांपाशी दिसते.

मग अडचण कुठे आहे? पीक येत नाही अशा मुरमाड जागी ही रिंगणे आहेत, आणि मुरूम तर आज रस्त्याला हवा, लेआउटला हवा. जेसीबी एका दिवसात जे उचलतो ते पुन्हा मांडता येत नाही. दुसरे, हंडा मिळेल म्हणून रात्री खोदणारे. बाबांनो, निघतात ती बहुतेक मडकी, हाडे, मणी आणि गंजलेले लोखंड. कोणती वस्तू कुठे होती हे एकदा मोडले की तिच्यातली माहिती गेली.

“सांगितले तर जमीन जाईल” ही भीती अनेकांना असते. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात संरक्षित क्षेत्रातही एक फुटापर्यंत खोल मशागत करायला मनाई नाही. बंदी आहे ती परवानगीशिवाय बांधकाम आणि खाणकामाला. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित जागेपासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते. हे मात्र आधी समजून घ्या.

सरपंच, तलाठी, ग्रामसेवकांनी एवढे करावे : शिवारातली रिंगणे मोजून गट नंबरासह यादी करावी, ग्रामसभेत ठेवावी आणि नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवावे. मुरमाचा अर्ज आला की जागा आधी डोळ्यांनी पाहावी. आपल्या आजा-पणजाची समाधी आपण नांगरत नाही. ही कोणाच्या तरी आजा-पणजाचीच आहे.