पॅकबंद खाऊ आणि प्रवासातले पोट

मे महिन्याच्या सुट्टीत कोणत्याही एसटी स्थानकावर अर्धा तास बसून पाहावे. एक मूल कडेवर, दुसरे हाताशी, खांद्यावर पिशवी अशी एखादी आई गाडी लागायची वाट पाहत असते. मूल कुरकुरू लागते. समोरच्या टपरीवरून आधी पाण्याची बाटली येते, मग आंब्याच्या पेयाचा पुठ्ठ्याचा डबा, मग वेफर्सची दहा-दहा रुपयांची दोन पाकिटे, शेवटी क्रीमची बिस्किटे. गाडी लागेपर्यंत बाकाखाली वेष्टनांचा ढीग झालेला असतो. पाच वर्षांखालच्या मुलाला एसटीत तिकीट नाही आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मेच तिकीट आहे. त्यामुळे जवळच्या गावाला जाताना खाऊवरचा खर्च तिकिटाच्या पुढे जायला वेळ लागत नाही.

हा खर्च चैनीचा म्हणून हिणवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. तो बहुतेक वेळा भीतीचा असतो. ‘बाहेरचे उघडे काही देऊ नकोस, पॅकबंद घे’ असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात आणि डॉक्टरही सांगतात. त्यात तथ्यही आहे. कापून ठेवलेले कलिंगड, कुठल्या पाण्याचा ते माहीत नसलेला बर्फाचा गोळा, सकाळपासून उघड्या पातेल्यात असलेली चटणी लहान मुलाला देऊच नये. पण या रास्त सल्ल्यातून हळूहळू एक चुकीचे समीकरण घट्ट झाले आहे, की पॅकबंद म्हणजे स्वच्छ आणि घरून नेलेले म्हणजे ओझे. या समीकरणाने पैसा जातो, कचरा वाढतो आणि पोट बिघडायचे ते बिघडतेच.

कारण लहान मुलांचे जुलाब बऱ्याचदा हातांवरून येतात. गाडीचा दांडा, खिडकीची कड, पायरीजवळची फरशी, नाणी आणि नोटा यांना लागलेला हात तोंडात जातो. वेष्टन कारखान्यात कितीही निर्जंतुक वातावरणात बंद झालेले असो, ते फोडणारा हात त्याच दांड्याला धरून आलेला असतो. वेफरचे पाकीट दातांनी फाडून मुलाच्या हातात दिले, की पॅकबंदपणा तिथेच संपला. म्हणून प्रवासाच्या पिशवीतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे घरात वापरून झिजलेल्या साबणाचा तुकडा, एका छोट्या डबीत. सॅनिटायझर अगदीच काही नसताना ठीक आहे. पण धूळ-घामाने मळलेल्या हातांवर तो नीट काम करत नाही आणि जुलाब-उलट्या घडवणाऱ्या काही विषाणूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. साबण आणि वाहते पाणी याला तोड नाही. सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला मोफत मिळते. ती चुकवायची आणि मग बाटलीबंद पाण्यावर विश्वास ठेवायचा, यात कसलीच काटकसर नाही.

आता शिदोरीकडे वळू. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, गुळाच्या कडक पोळ्या हे पूर्वीचे प्रवासातले पदार्थ उगाच ठरलेले नव्हते. त्यांत ओलावा कमी असतो आणि जंतूंना वाढायला ओलावा लागतो. भाजलेले नाचणीचे किंवा गव्हाचे पीठ डबीत नेले आणि वाटेत उकळते पाणी मिळाले, तर सहा महिन्यांवरच्या बाळाची खीर पाच मिनिटांत होते. बाजारात अशाच पिठाचे आकर्षक डबे मिळतात, पण घरी भाजलेल्या पिठात कमी असे काही नसते. केळे आणि संत्रे ही तर सालीसकट येणारी फळे. हात धुऊन सोलले की झाले. या यादीत वेष्टन कुठेच नाही आणि खर्चही नाममात्र आहे.

मात्र ‘घरचे आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहणेही चूक. सकाळी डब्यात भरलेला दहीभात किंवा वरणभात मे महिन्यात दुपारी मुलाला भरवणे हा काटकसरीचा प्रकार धोक्याचा आहे. शिजवलेले ओले अन्न साध्या तापमानाला दोन तासांपलीकडे ठेवू नये. तापमान बत्तीस अंशांच्या वर असेल तर ही मुदत एका तासावर येते आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ते सहज असते. भातात तर शिजवूनही न मरणारे काही जंतूंचे बीज उरते. भात कोमट राहिला की ते वाढते आणि जे विष तयार करते, ते पुन्हा गरम करूनही जात नाही. तेव्हा पहिल्या तासात भात, नंतर दशमी, असा क्रम लावावा. उरलेले टाकवत नाही म्हणून आईने खाल्ले तर तिचे पोट बिघडेल, मुलाने खाल्ले तर त्याला सलाइन लागेल. त्यापेक्षा मुळात मोजकेच न्यावे.

शेंगदाणे आणि फुटाणे स्वस्त, पौष्टिक आणि कागदाच्या पुडीत मिळणारे. कचऱ्याच्या हिशेबाने आदर्शच. पण चार-पाच वर्षांखालच्या मुलाला ते, आणि चिक्कीही, धावत्या गाडीत देऊ नये. खड्ड्यात गाडी आदळते, मूल हसते किंवा रडते आणि दाणा श्वासनलिकेत जातो. कान-नाक-घसा विभागात मुलांच्या श्वासनलिकेतून दुर्बिणीने काढाव्या लागणाऱ्या वस्तूंत शेंगदाणा नेहमीचाच. दाण्याचे कूट करून लाडवात घातले की तोच दाणा निर्धोक होतो.

पाण्याचेही असेच. घरून उकळून गार केलेले पाणी रुंद तोंडाच्या स्टीलच्या बाटलीत न्यावे. रुंद तोंडाची अशासाठी, की तिच्यात हात किंवा ब्रश जातो आणि ती घासता येते. बाजारातली प्लास्टिकची बाटली महिनोन्महिने पुन्हा भरत राहणे ही बचत दिसते, पण तिच्या अरुंद गळ्यात आत काय साठते ते दिसत नाही. नळी असलेल्या रंगीत सिपरचेही तेच, किंमत मात्र दसपट. तांब्याच्या बाटलीची सध्या हवा आहे. त्यात साधे पाणी चालेल, पण लिंबू सरबत किंवा ताक कदापि भरू नये. आंबट पदार्थात तांबे उतरते आणि मळमळ-उलटी होते.

सहा महिन्यांखालच्या बाळाचा प्रवास सर्वांत स्वस्त आणि बिनकचऱ्याचा असतो, हे फार कमी वेळा सांगितले जाते. त्याला अंगावरचे दूध पुरते. कडक उन्हाळ्यातही वरून पाणी लागत नाही. तरीही प्रवास म्हटला की ‘गाडीत अडचण नको’ म्हणून दुधाची बाटली आणि पावडरचा डबा घेतला जातो. दुधाच्या बाटल्यांची आणि पर्यायी दुधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२च्या कायद्यानेच बंदी आहे, ती उगाच नाही. बूच आणि गळा घासून उकळल्याशिवाय निर्जंतुक होत नाहीत आणि प्रवासात ते जमत नाही. ज्या बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचेच दूध द्यावे लागते, त्याच्यासाठी वाटी-चमचा बरा. अशा वेळी गरम पाणी थर्मासमध्ये आणि मोजलेली पावडर वेगळी न्यावी, दूध ऐनवेळी कालवावे आणि बाळाने अर्धे सोडले तर ते ओतून द्यावे. पावडर महाग असते, जीव तुटतो. पण बाळाची लाळ लागलेले दूध तासाभरानंतर पुन्हा पाजणे हे घरगुती काटकसरीतले सर्वांत महाग पडणारे काम आहे.

जीवरक्षक जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, हे तर स्वस्तातल्या उपचाराचे जगातले ठळक उदाहरण. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे मोजलेले पाणी पिंपांतून वाटले आणि तिथला मृत्युदर तीस टक्क्यांच्या आसपासून चार टक्क्यांच्या खाली आला. आज त्याच तत्त्वावरचे पाकीट आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळते. तरीही प्रवासात मुलाला जुलाब सुरू झाले, की पालकांचा हात औषधाच्या दुकानातल्या फळांच्या चवीच्या डब्याकडे जायचा. कारण त्यावर ‘ओआरएस’ ही अक्षरे असायची. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते. फळांच्या चवीच्या बाजारी पेयांत साखर लिटरला शंभर ग्रॅमच्या पुढे सहज जाते. इतकी साखर आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावांत ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. नाव गेले तरी चव आणि सवय राहते. म्हणून दुकानातही पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिले आहे का, हे पाहूनच घ्यावे.

पण या पाकिटातही काटकसर आड येते. एक लिटरचे पाकीट एका पेल्यात अर्धे ओतायचे आणि उरलेले दुमडून पुढच्या वेळेला ठेवायचे, असे घरोघरी चालते. अंदाजाने घातलेली पूड जास्त झाली तर पाणी खारट होते आणि मुलाच्या रक्तातले मीठ धोकादायक पातळीला जाऊ शकते. पाकीट पूर्ण, एक लिटर पाणीही पूर्ण, आणि केलेले मिश्रण चोवीस तासांनी ओतून द्यायचे. प्रवासात एवढे नको असेल तर दोनशे मिलिलिटरची छोटी पाकिटे मिळतात. आणि हो, स्थानकावर विकत घेतलेल्या एक लिटर पाण्याच्या बाटलीचा इथे चोख उपयोग आहे. तिच्याइतके खात्रीचे माप प्रवासात दुसरे नाही.

डायपर हा लहान मुलांच्या प्रवासातला सर्वांत मोठा कचरा. घरी जुन्या सुती साडीचे लंगोट उत्तम. अनेकदा धुतलेल्या कापडातली खळ आणि रंग निघून गेलेला असतो आणि ते त्वचेला मऊ लागते. रात्रभराच्या गाडीत मात्र विकतचा डायपर वापरला म्हणून कोणी आईला बोल लावू नयेत. बोल लावायचाच तर एकच डायपर ‘अजून फुगला नाही’ म्हणून दहा तास ठेवण्याला लावावा. त्यातून चट्टा उठतो, चट्ट्यावर दुकानदार स्टेरॉइड असलेले मिश्र मलम देतो आणि बाळाची नाजूक त्वचा आणखी पातळ होते. वाचवलेल्या एका डायपरची किंमत मग दवाखान्यात मोजावी लागते. वापरलेला डायपर खिडकीतून भिरकावणे हा तर नुसता अस्वच्छतेचा प्रश्नच नाही. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे. तिच्यातून जंतू मोठ्यांच्या शीइतकेच पसरतात. शी शौचकुपात टाकावी, डायपर कागदात घट्ट गुंडाळून वेगळा द्यावा. २०१६च्या घनकचरा नियमांतही डायपर घट्ट गुंडाळून टाकण्याची तरतूद होती.

काटकसरीचा आणखी एक प्रकार डॉक्टरांना झोप लागू देत नाही. तो म्हणजे गाडीभाडे वाचवण्यासाठी चौघांनी एका दुचाकीवर गावाला जाणे, त्यात धाकटे आईच्या मांडीवर झोपलेले. फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर चालकाशी बांधणारा पट्टा बंधनकारक आहे, नऊ महिन्यांवरच्या मुलाला हेल्मेट आहे आणि वेगाची मर्यादा ताशी चाळीस किलोमीटर आहे. पण लांबच्या पल्ल्याला पट्टा असूनही दुचाकी नकोच. निम्म्या तिकिटाची एसटी उभी असताना तर नकोच.

हे सगळे सांगताना एक अप्रामाणिकपणा टाळला पाहिजे. घरून पाणी न्या, साबण ठेवा, लंगोट वापरा, वाटी-चमचा घ्या, हे सल्ले शेवटी एकाच व्यक्तीच्या खांद्यावर येतात, आणि त्या खांद्यावर आधीच एक मूल आणि एक पिशवी आहे. सहा तासांच्या प्रवासाचे पाणी दोन मुलांसह उचलून नेणे ही काही नुसती सवयीची बाब नाही. वाटेत बाटली भरता आली तरच घरून एक बाटली न्यायला अर्थ आहे. साबण आहे, पण वाहते पाणी नाही, तर तो डबीतच राहणार. पिण्याच्या पाण्याचा चालू नळ नसलेल्या स्थानकात टपरीवरची बाटली घेणारी आई उधळी नसते, तिच्यापुढे दुसरा मार्ग नसतो.

राज्यातल्या एसटी स्थानकांवर स्तनपानासाठी हिरकणी कक्ष आहेत. कल्पना उत्तम आणि नावही समर्पक. त्या कक्षाला दिवसभर कुलूप नसावे, आत एक बाक, पंखा आणि बेसिन असावे, शेजारी बाळाचे कपडे बदलायला एक फळी आणि झाकणाची कचरापेटी असावी. बाहेर गाळलेल्या पाण्याचा एक नळ असावा आणि त्याची टाकी शेवटची कधी धुतली त्याची तारीख खडूने लिहिलेली असावी. यातले काहीही महागडे नाही. स्थानकाच्या रंगरंगोटीवर किंवा फलकांवर होणाऱ्या खर्चाआधी हे व्हायला हरकत नसावी. मुक्कामाच्या स्थानकावर एसटी दहा मिनिटेच थांबते. तेवढ्या वेळात मुलाला घेऊन खाली उतरलेल्या बाईला नळ विचारत फिरावे लागू नये.