बदलीच्या बिऱ्हाडाची सजावट

फौजी बिऱ्हाड दोन-तीन वर्षांनी हलते. मग दिल्लीत बदली झाली की महागडे फर्निचर कशाला? अमर कॉलनीच्या बाजारात वापरलेले लाकडी सामान मिळते. घेताना वाळवी आणि सांधे नीट पाहावेत. पॉलिश पेपरने घासून वॉर्निशचा हात दिला, की जुने स्टूलही कुंडीखाली शोभते. काळ्या ट्रंकांवर गादी व सोलापुरी चादर घातली, की दिवाण तयार!

सराय काले खां येथे २०१९ साली सुमारे १५० टन भंगारातून जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या. आपल्याला तर एक खोली सजवायची आहे. मात्र स्वस्त मिळते म्हणून घर भरू नये. पुढच्या बदलीच्या ट्रकमध्ये जे आनंदाने चढवाल, तेवढेच घ्यावे.