रिकाम्या प्रहरांची तजवीज

जपानच्या सहलीचे जे कार्यक्रमपत्रक आपल्या व्यवसायात शिरस्त्याप्रमाणे तयार होते, त्यात तोक्यो, फूजी, क्योतो, नारा आणि ओसाका ही स्थळे एका आठवड्यात उरकलेली असतात. आणि ज्या ग्राहकाने चढा दाम मोजला त्याच्या पदरी प्रशस्त कक्ष आणि खासगी मोटार यांपलीकडे विशेष काही पडत नाही. श्रीमंतीची दोन टोके जपानच्याच इतिहासात सापडतात. सोळाव्या शतकातील सत्ताधीश हिदेयोशी याने सोन्याने मढवलेली, हवी तेथे नेऊन उभारता येणारी चहाची खोली करवून घेतली होती. आणि त्याच्याच आश्रयाला असलेला चहाचार्य सेन नो रिक्यू याची म्हणून यामाझाकी येथे जी खोली जतन केलेली आहे ती अवघ्या दोन तातामी चटयांएवढी असून, तिचे दार इतके ठेंगणे आहे की सरदारालाही आत रांगतच जावे लागे. आमचा ग्राहक स्वभावतः हिदेयोशीच्या पंथाचा असतो, यात त्याचा दोष नाही. परंतु त्याला त्या ठेंगण्या दारापर्यंत नेणे हेच आपले कसब.

क्योतोच्या साइहो-जी मंदिराने, गर्दीमुळे आपल्या शेवाळ-उद्यानाची हानी होते असे पाहून, 1977 पासून आगाऊ परवानगीवाचून प्रवेश बंद केला आणि उद्यानात जाण्यापूर्वी अभ्यागताने बौद्ध सूत्र उतरवून काढण्यास बसावे असा दस्तूर ठेवला. ही अट ग्राहकापासून लपवणारे, किंवा ती माफ करून घेण्याची खटपट करणारे व्यावसायिक आम्हांला ठाऊक आहेत. वस्तुतः हातात लेखणी घेऊन स्वस्थ बसण्याचा तो अवधी हीच त्या भेटीतील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

कोया-सानची कथा याहून वेगळी नाही. कूकाईने 816 मध्ये स्थापन केलेले हे शिंगोन संप्रदायाचे पीठ (त्याच्या जाहिरातीत ‘झेन’ छापणे म्हणजे पंढरीच्या वारीला शैव यात्रा म्हणण्यासारखे आहे) पन्नासेक मंदिरांतून पांथस्थांची मुक्कामाची सोय करते. आपले प्रवासी तेथे दुपारी उशिरा पोचतात, साडेपाच-सहाच्या सुमारास जेवतात, पहाटेच्या पूजेला डुलक्या घेतात आणि नऊच्या आत डोंगर उतरतात. ओकुनोइन या तेथील समाधिस्थानाची, देवदारसदृश प्रचंड वृक्षांखालून आणि दोन लाखांवर समाध्यांमधून जाणारी दोन किलोमीटरांची वाट त्यांना पायांखाली घालता येत नाही. आणि चिरसमाधीत असल्याची श्रद्धा असलेल्या कूकाईकडे सकाळी साडेदहाला भिक्षू दुसऱ्यांदा अन्न घेऊन जातात तोवर मंडळी ओसाकाच्या गाडीत असतात. दुसऱ्या रात्रीचा मुक्काम घ्यावा आणि मधला दिवस पत्रकावर कोरा सोडावा; त्या कोऱ्या जागेचे मोल ग्राहकाकडून निःसंकोचपणे मागावे. जमिनीवरील अंथरूण आणि सामाईक स्नानगृह यांची कल्पना मात्र निघण्यापूर्वी, स्पष्ट शब्दांत द्यावी.

राहता राहिला शाकाहारी मराठी प्रवाशाचा प्रश्न. मंदिरातील शोजिन भोजनात मांस-मत्स्य नसते, परंपरेने कांदा-लसूणही नसतो, आणि त्याचा रस्सा समुद्रवनस्पती व सुकवलेल्या अळंब्यांचा असतो. त्यामुळे तेथे ठेपल्यांचे गाठोडे बाळगण्याचे कारण नाही. क्योतोसाठी ते असू द्यावे, कारण तेथील उपाहारगृहांतला रस्सा बहुधा मासळीचा असतो.