आकडा डोळ्याचा की उपकरणाचा?

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांविषयी आपल्याकडे बातमी येते, ती बहुधा दृष्टिपटलाच्या विकाराची, म्हणजे आरओपीची असते. ते रास्तच आहे. २०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बाळे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मली. जगातील कोणत्याही देशापेक्षा ही संख्या मोठी होती. परंतु त्याच डोळ्याच्या पुढच्या भागात आणखी एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो वैद्यकाइतकाच भौतिकशास्त्राचाही आहे: कॉर्नियाची जाडी आणि डोळ्यातील दाब.

डोळ्यातील दाब आपण थेट मोजत नाही. गोल्डमन आणि श्मिट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत कॉर्निया बाहेरून दाबून ३.०६ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ सपाट करतात आणि त्यासाठी लागलेले बल मोजतात. बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब. हाच व्यास का, हे अकरावीच्या विद्यार्थ्यांनी कागदावर मांडून पाहावे. एवढ्या क्षेत्रफळावर ०.१ ग्रॅम वजनाइतके बल म्हणजे १ मिलिमीटर पारा इतका दाब होतो. शिवाय याच व्यासाच्या आसपास दोन उपद्रवी बले परस्परांना निष्प्रभ करतात. अश्रूंच्या थराचा पृष्ठताण उपकरणाला डोळ्याकडे ओढतो, तर कॉर्नियाचा ताठरपणा त्याला मागे रेटतो.

मात्र हा समतोल प्रौढ व्यक्तीच्या, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या कॉर्नियासाठी साधलेला आहे. प्रौढांतही ही जाडी सर्वत्र सारखी नसते. नागपूर परिसरातील खेड्यांत झालेल्या 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी'मध्ये तिशीपुढील लोकांची सरासरी सुमारे ५१४ मायक्रॉन आढळली; युरोपीय वंशाच्या लोकांत ती साधारण ५४० ते ५५० मायक्रॉन असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा कॉर्निया तर याहून जाड, आकाराने लहान आणि अधिक वक्र असतो. म्हणजे समीकरण तेच, पण ज्या गृहीतकांवर ते उभे आहे ती एकेक करून निसटतात.

येथे दोन सापळे आहेत. पहिला सहसंबंधाचा. आठवडे सरतात तशी बाळाच्या कॉर्नियाची जाडी घटते, आणि अनेक अभ्यासांत मोजलेला दाबही घटताना दिसतो. यावरून 'जाडीमुळे दाब वाढतो' असा मथळा सहज तयार होतो. परंतु दोन्ही राशी वयाबरोबर बदलत असतील, तर त्यांचा आलेख एकत्र उतरणारच. दाब खरोखर घटला, की केवळ मोजमापातील चूक घटली, हे त्या आलेखावरून कळत नाही.

दुसरा सापळा दुरुस्तीच्या सूत्रांचा. एलर्स यांनी १९७५ मध्ये प्रौढांसाठी ७० मायक्रॉनमागे सुमारे ५ मिलिमीटर पारा अशी दुरुस्ती सुचवली होती. नंतरच्या संशोधकांना हा परिणाम बराच कमी आढळला. तरीही हे सूत्र बाळाला लावावे काय? माझ्या मते मुळीच नाही. कॉर्निया तंतूंच्या विपुलतेने जाड असेल तर तो ताठर असतो आणि दाब वास्तवापेक्षा जास्त दिसतो. तोच कॉर्निया पाणी शोषून फुगला असेल तर तो मऊ असतो आणि दाब कमी दिसू शकतो. जाडी एकच, पण चुकीची दिशा उलट. नवजात कॉर्नियात पाण्याचे प्रमाण अजून स्थिरावत असते. तेथे केवळ जाडीवरून ताठरपणा ठरवणे म्हणजे दोरीची जाडी पाहून ती सुताची की रबराची हे सांगण्यासारखे आहे.

हा वाद केवळ दशांश चिन्हापुढचा नाही. जन्मजात काचबिंदू वेळीच ओळखला नाही तर गेलेली दृष्टी परत येत नाही. उलट, नसलेला दाब असल्याचे मानले तर नाजूक बाळाला भूल द्यावी लागते, औषधे सुरू होतात; आणि ब्रिमोनिडीनसारखे प्रौढांना सर्रास दिले जाणारे थेंब दोन वर्षांखालील मुलांत श्वास मंदावू शकत असल्याने वर्ज्य आहेत. म्हणूनच अनुभवी नेत्रतज्ज्ञ एका आकड्यावर विसंबत नाहीत. कॉर्नियाचा व्यास, त्याची पारदर्शकता, नेत्रचेतेची खोबण, डोळ्याची वाढती लांबी हे सारे ते एकत्र पाहतात. बाळ रडत होते काय, पापण्या साधनाने ताणून धरल्या होत्या काय, भूल दिली होती काय, यांनीही आकडा हलतो.

आपण काय करू शकतो? ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांची आरओपी तपासणी आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहेच. दिल्लीत एम्सच्या डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्रासारख्या संस्था हे काम करीत आहेत. बाळ स्थिर असेल आणि पालकांची संमती असेल, तर त्याच भेटीत जाडी व दाबाची नोंद घेता येईल. मात्र त्या नोंदीसोबत गर्भधारणेपासूनचे वय, उपकरण आणि मोजणीची परिस्थिती लिहिलेलीच हवी. अशा नोंदी अनेक शहरांतून साठल्या, तरच भारतीय बाळांसाठी आठवड्यागणिक मानके तयार होतील. भौतिकशास्त्रज्ञांनीही यात उतरावे. ताठरपणा वेगळा मोजणारे, बाळाला न दुखवणारे साधन ही आपल्या प्रयोगशाळांना साजेशी समस्या आहे.

तोवर विज्ञानवाचकांना एकच विनंती. डोळ्याच्या दाबाचा आकडा वाचाल तेव्हा विचारा: तो कोणत्या डोळ्यासाठी बनवलेल्या उपकरणाने मोजला आहे?