बदलीबरोबर जाणारी सुरक्षितता

धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा गेली काही वर्षे चटईक्षेत्र, पात्रता, निविदा आणि जमिनीचे भाव यांभोवती फिरते आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाची बोली सर्वोच्च ठरली, जुलै २०२३ मध्ये शासनाने त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि तेव्हापासून वादाचे मुद्देही जवळपास तेच राहिले. कोणाला किती चौरस फूट मिळणार हा प्रश्न महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. तथापि सुमारे सहाशे एकरांच्या या वस्तीत गेल्या तीन दशकांत माणसांनी परस्परांच्या सुरक्षिततेची जी एक व्यवस्था उभी केली, तिचे पुढे काय होणार, हा प्रश्न कोणत्याही आराखड्यात दिसत नाही. ही व्यवस्था सरकारी कागदावर कधी धडपणे आलीच नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, गुन्हेगारी रोखणे हे पोलिसांचे काम आणि वस्ती सुधारणे हे महापालिकेचे किंवा विकासकाचे काम, अशी आपल्या प्रशासनाने मनाशी वाटणी करून टाकली आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव या वाटणीच्या विरुद्ध साक्ष देतो.

या अनुभवाची सुरुवात धारावीत नव्हे, भिवंडीत झाली. यंत्रमागांचे हे शहर १९७० आणि १९८४ अशा दोन मोठ्या दंगलींनी होरपळले होते. पहिल्या दंगलीची न्या. मादन आयोगाने सविस्तर चौकशी केली. ती अहवालाच्या खंडांतच राहिली आणि चौदा वर्षांनी शहर पुन्हा पेटले. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समित्या त्यापूर्वीही होत्या. पण सणासुदीच्या आधी पोलीस ठाण्यात चहापानासाठी जमणारी प्रतिष्ठितांची, पुढाऱ्यांची आणि काही प्रमाणात ठाण्याशी लागेबांधे असणाऱ्यांची ती मंडळी असत. ज्या गल्लीत दगड पडायचा तेथे यांच्या शब्दाला किंमत नसे. खोपडे यांनी हा साचाच बदलला. गल्लोगल्ली मोहल्ला समित्या स्थापन झाल्या, त्यांची संख्या सत्तरच्या आसपास गेली. त्यांत मागावरचा कामगार, रिक्षाचालक, किरकोळ दुकानदार अशी साधी माणसे दोन्ही समाजांतून बरोबरीने घेतली गेली. समितीची जबाबदारी वरिष्ठ अधिकाऱ्याकडे न ठेवता त्या भागात रोज फिरणाऱ्या कनिष्ठ पोलिसाकडे देण्यात आली. ही शेवटची गोष्ट वरकरणी किरकोळ वाटते. माझ्या मते सगळ्या प्रयोगाचे मर्म तीच होती. ज्या शिपायाला आजवर फक्त बंदोबस्तात उभे राहण्याचे काम होते, तो आता लोकांचे म्हणणे ऐकून घेणारा झाला.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे नऊशे माणसे मारली गेली. मुंबईला खेटून असलेली, दंगलींचा इतिहास असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. या शांततेचे संपूर्ण श्रेय समित्यांना देणे कदाचित अतिशयोक्तीचे होईल. १९८४ च्या जखमांची आठवण आणि धंदा बुडण्याची भीती हीदेखील कारणे होतीच. पण अफवा आली की ती खरी की खोटी हे विचारायला समोरच्या गल्लीतला ओळखीचा माणूस आणि ओळखीचा पोलीस उपलब्ध होता, हा फरक नाकारता येत नाही.

मुंबईने हा धडा उशिरा घेतला. सतीश साहनी पोलीस आयुक्त असताना, १९९४ च्या सुमारास, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे प्रभृतींच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली. दंगलीत पोलिसांवरचा, विशेषतः मुस्लिम वस्त्यांतला, विश्वास पार उडाला होता. तो परत आणण्यासाठी तरुण मुले आणि पोलीस यांचे क्रिकेटचे सामने भरवण्यापासून सुरुवात झाली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी वस्तीतल्या वस्तीत केलेले काम तर अंजली मोन्टेरो व के. पी. जयशंकर यांच्या ‘नाता’ या २००३ सालच्या माहितीपटात नोंदले गेले आहे. एक हिंदू, एक मुस्लिम. दोघेही धारावीत मुरलेले. अशा माणसांना कोणी नेमत नाही, त्यांना वस्ती ओळखते.

दंगल हा अपवादाचा प्रसंग. झोपडपट्टीतल्या माणसाला रोज ग्रासणारी गुन्हेगारी वेगळी असते. तिच्यावर थेट बेतलेला प्रयोग म्हणजे झोपडपट्टी पोलीस पंचायत. अ. ना. रॉय पुण्याचे पोलीस आयुक्त असताना त्याची सुरुवात झाली आणि २००४ मध्ये ते मुंबईचे आयुक्त झाल्यावर तो मुंबईत आला. त्यांचे भागीदार होते जॉकिन अर्पुथम. ट्रॉम्बेची जनता कॉलनी १९७६ मध्ये उठवली गेली त्या लढ्यातून पुढे आलेले, झोपडीवासीयांचे राष्ट्रीय संघटन उभे करणारे आणि २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळालेले हे नाव वाचकांच्या परिचयाचे असेल. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. प्रत्येक वस्तीतून दहा प्रतिनिधी, त्यांत सात स्त्रिया व तीन पुरुष, आणि जोडीला त्या वस्तीसाठी नेमलेला पोलीस, अशी पंचायतीची रचना होती. सातास तीन हे प्रमाण शोभेचे नव्हते. हातभट्टी, दारू पिऊन होणारी मारहाण, नळावरची भांडणे, मुलींची छेडछाड यांची खबर सर्वांत आधी बायकांना असते आणि त्याची झळही त्यांनाच सर्वाधिक लागते.

ही रचना का चालली, याचे उत्तर कायद्याच्या एका तरतुदीत आहे. शेजाऱ्याशी शिवीगाळ, धक्काबुक्की, धमकी अशी तक्रार घेऊन माणूस ठाण्यात गेला तर ती बहुधा अदखलपात्र म्हणून नोंदली जाते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना अशा प्रकरणाचा तपास करता येत नाही. हा नियम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. म्हणजे तक्रारदाराच्या हाती एक कागद येतो आणि प्रकरण तेथेच थांबते. ज्याच्याविरुद्ध तक्रार झाली तो मात्र त्याच गल्लीत, भिंतीला भिंत लावून राहत असतो. दखलपात्र गुन्हा घडेपर्यंत राज्यसंस्था जवळजवळ गैरहजर असते, आणि नेमक्या याच मोकळ्या जागेत गल्लीतले दादा शिरतात. मुंबईने हे सत्तर-ऐंशीच्या दशकांत पाहिले आहे. वरदराजन मुदलियारचे साम्राज्य हातभट्टीवर उभे होते, पण त्याच्या दारी लोक न्याय मागायलाही जात. पुढे पोलीस उपायुक्त य. चं. पवार यांच्या कारवाईने त्याचा बंदोबस्त झाला; तंटे सोडवणाऱ्याची जागा रिकामी राहिली. पंचायतीने ती जागा उघडपणे, पोलिसांच्या साक्षीने भरली.

अर्थात अशा पंचायतींचे गुणगान करताना सावध राहावयास हवे. तडजोड हा तिचा स्वभाव असतो, आणि तडजोडीची किंमत बऱ्याचदा दुर्बळ पक्ष मोजतो. नवऱ्याने मारलेल्या बाईला समजूत घालून परत त्याच घरात पाठवणे हे ‘तंटा मिटला’ या सदरात जमा होऊ शकते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्याखालचे हक्क पंचायतीच्या बैठकीत सोडून देण्याची गोष्ट नव्हेत. शिवाय ओळखपत्र आणि पोलिसांची जवळीक मिळाली की पंच हाच नवा दादा होण्याचा धोका राहतो. वस्तीत नव्याने आलेले, परभाषक, भाडेकरू यांच्याकडे संशयाने पाहण्याची सवय ‘दक्षता’ या गोंडस नावाखाली बळावू शकते. यावर उपाय पंचायत बंद करणे हा नसून तिचे अधिकार आणि मर्यादा लेखी ठरवणे हा आहे.

ते झाले नाही. भिवंडीच्या समित्या खोपडे यांच्या काळातल्या, मुंबईच्या पंचायती रॉय यांच्या काळातल्या, असेच आपण आजही म्हणतो. अधिकाऱ्याची बदली झाली की पुढचा अधिकारी स्वतःची योजना आणतो. याचा परिणाम काय होतो, हेही भिवंडीनेच दाखवले. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या इमारतीच्या जागेवरून तेथे संघर्ष पेटला. पोलीस गोळीबारात दोघांचा बळी गेला आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. ज्या शहराने बाबरी मशीद पडल्यानंतरचे दिवस शांततेत काढले, त्याच शहरात पोलीस आणि नागरिक एका बांधकामावरून एकमेकांच्या जिवावर उठले. मधल्या काळात समित्या ढिल्या पडल्या होत्या. वाद जागेचा होता आणि अशा वादाची कुणकुण बैठकीत महिनोन्महिने आधी लागू शकते, बैठक होत असेल तर.

गावांबाबत शासनाला हे सुचले होते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली, तिला शासननिर्णयाचा आधार व पुरस्काराची रक्कम होती. तिच्या अंमलबजावणीबद्दल मतभेद असोत, पण निदान ती कोणा एका पोलीस अधिकाऱ्याच्या मर्जीवर नव्हती. शहरी झोपडपट्टीच्या वाट्याला तसे काही आले नाही. केरळने २००८ मध्ये ‘जनमैत्री’ योजना मोजक्या ठाण्यांपासून सुरू केली आणि २०११ च्या पोलीस कायद्यात लोकसहभागाला स्थान दिले. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात सप्टेंबर २००६ मध्ये अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ देण्यास सांगितले होते. पण दोन वर्षांत वस्ती जेमतेम नाव लक्षात ठेवते.

आता पुन्हा धारावीकडे. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरच्या पात्र रहिवाशांना तेथेच ३५० चौरस फुटांचे घर मिळणार आहे. त्यानंतरचे आणि वरच्या मजल्यांवरचे रहिवासी धारावीबाहेर जातील. त्यासाठी मुलुंड, कांजूरमार्ग, भांडुप, देवनार या परिसरातल्या जागांची नावे पुढे आली आहेत. म्हणजे एकाच गल्लीतली कुटुंबे वर्षाच्या आणि मजल्याच्या निकषावर वेगवेगळ्या उपनगरांत विखुरली जातील. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाचा शिरकाव झाला तेव्हा याच गल्ल्यांतील ओळखीपाळखीने, स्थानिक डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी घरोघरच्या तपासणीला हात दिला होता. ती ओळख उभ्या इमारतीत आपोआप चढत नाही. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाऊंड किंवा वाशीनाका येथील पुनर्वसन वसाहती पाहिलेल्या कोणालाही अंधारे जिने, बंद पडलेली उद्वाहने आणि कोण कोणत्या मजल्यावर राहतो हे न जाणणारे शेजारी यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

हे अटळ नाही, याचाही दाखला मुंबईतच आहे. रेल्वेमार्गालगतच्या झोपड्या २००० च्या आसपास हलवण्यात आल्या, तेव्हा जॉकिन यांच्या संघटनेने आणि ‘महिला मिलन’च्या स्त्रियांनी आधी घरोघर गणना केली, साधारण पन्नास कुटुंबांच्या सहकारी संस्था बांधल्या आणि त्या गटानेच लोकांना नव्या जागी नेले. सुमारे साठ हजार माणसे हलली, बळाचा वापर न करता. धारावीत सर्वेक्षण झाले आहे. पण त्यात घर कोणत्या साली बांधले याची नोंद घेताना शेजारी कोण, कोणत्या मंडळाचे, कोणत्या समितीचे, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. स्थलांतराचे पत्र देण्यापूर्वी गल्लीनिहाय गट कायम ठेवण्याचा पर्याय पुनर्वसन यंत्रणेला आजही खुला आहे, आणि प्रत्येक नव्या वसाहतीसाठी पोलीस नेमताना त्याच्या जोडीला वस्तीतल्या स्त्रियांचे बहुमत असलेली समिती नियमांत बसवण्याचा पर्याय गृहखात्याला. मुलुंड वा देवनारच्या पहिल्या इमारतीच्या किल्ल्या वाटल्या जाण्याआधी हे दोन निर्णय व्हावयास हवेत. नंतर ते करायला गल्लीच शिल्लक नसेल.