शेपटी नव्हे, सूचना

महाराष्ट्रात गावोगावी मारुतीचे देऊळ असते. चेन्नईतील नंगनल्लूर येथे एकाच पाषाणातून घडविलेली आंजनेयाची ३२ फूट उंच मूर्ती उभी आहे. अशा देशात कमरेखाली शेपटीसारखी मांसल वाढ घेऊन एखादे मूल जन्मास आले, तर कोणास तो देवाचा प्रसाद वाटतो, तर कोणास ते लाजिरवाणे वाटते. सुशिक्षित मनुष्य ती वानरपूर्वजांची खूण आहे असे सांगून मोकळा होतो. परंतु हे तिन्ही अभिप्राय त्वचेपाशीच थांबतात. बालकाचे हित ज्या प्रश्नात आहे तो निराळाच आहे: त्या त्वचेखाली पाठीच्या कण्याची घडण कशी झाली आहे?

प्रत्येक मानवी गर्भास काही काळ शेपूट असते. ते पाचव्या आठवड्याच्या सुमारास स्पष्ट दिसते व आठव्या आठवड्याच्या अखेरीस नाहीसे होते; पुढे माकडहाड तेवढे उरते. तथापि जन्मानंतर दिसणारी वाढ ही प्रत्येक वेळी त्या शेपटाचाच अवशेष असते असे नाही. १९८४ साली डाओ व नेट्स्की या वैद्यकतज्ज्ञांनी ‘खरी’ शेपटी आणि ‘आभासी’ शेपटी असा भेद मांडला. अभ्यासकास हा भेद उपयुक्त असेल. पण बालकाच्या बाबतीत त्यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण दोन्ही प्रकारांत कण्याचे दोष आढळले आहेत.

असे का व्हावे? गर्भाच्या पाठीची वरची त्वचा आणि मज्जारज्जू ही दोन्ही एकाच बाह्य स्तरापासून उत्पन्न होतात. त्या स्तराची पन्हळीसारखी घडी मिटून नलिका बनते आणि ती त्वचेपासून सुटून आत जाते. हे मिटणे गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत पूर्ण होते. या क्रमात कोठे चूक झाली, तर मणक्यांच्या कमानी जुळत नाहीत व चरबीची गाठ त्या फटीतून मज्जारज्जूस जाऊन चिकटू शकते. वरची त्वचा अखंड असल्यामुळे दोष झाकलेला राहतो. शेपटी, केसांचा झुबका किंवा मऊ गाठ हीच त्याची बाहेरची खूण होय. मूल वाढू लागले की कणा मज्जारज्जूपेक्षा अधिक लांबतो. रज्जू खाली जखडलेला असेल तर तो ताणला जातो आणि कालांतराने पाय अशक्त होणे, पाऊल वाकणे, लघवीवरचा ताबा सुटणे असे विकार उद्भवतात.

म्हणूनच अशी वाढ दोऱ्याने आवळून पाडणे किंवा चामखिळीप्रमाणे वरच्यावर कापून टाकणे हे अयोग्य आहे. खूण नाहीशी होते. दोष मात्र तसाच राहतो, आणि पुढे लक्षणे दिसू लागली तरी त्यांचे मूळ कोणाच्या ध्यानी येत नाही. प्रथम तपासणी व मग शस्त्रक्रिया, हाच क्रम योग्य होय. पहिल्या काही महिन्यांत मणक्यांच्या कमानी पुरत्या हाडमय झालेल्या नसल्याने सोनोग्राफीनेही मज्जारज्जू पाहता येतो. खात्रीसाठी एमआरआय करावा लागतो. डॉ. बी. राममूर्ती यांनी १९५० साली मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात मेंदू व मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियेचा आरंभ केला. तेव्हा हा रज्जू जिवंतपणी स्पष्ट दाखविणारे एमआरआयसारखे साधन नव्हते. आज ते आहे. त्याचा उपयोग न करणे यास सबब उरलेली नाही.

प्रतिबंधाच्या कथेतही या शहरास स्थान आहे. लूसी विल्स या इंग्रज संशोधिका १९२८ साली मुंबईस आल्या. तेथील गिरणीकामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला आणि पुढे मद्रासच्या कास्ट अँड गोशा रुग्णालयातही काम केले. यीस्टच्या अर्कातील ज्या द्रव्याने हा रक्तक्षय बरा होई, ते द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. पूर्वी असे दोषयुक्त मूल झालेल्या मातांना ते गर्भधारणेच्या आधीपासून दिल्यास मज्जानलिकेच्या दोषांची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी कमी होते, हे १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सिद्ध केले. त्वचेने झाकलेल्या दोषांविषयी इतक्या निश्चयाने बोलता येत नाही; तरी नलिका मिटण्याचा काळ बहुतेक स्त्रियांना गर्भाची चाहूल लागताच संपत आलेला असतो, ही गोष्ट प्रत्येक घरी ठाऊक असली पाहिजे. सर्वसाधारण स्त्रीस गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम एवढी मात्रा पुरेशी मानली जाते. पूर्वी असे मूल झाले असल्यास ती डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवावी लागते.

शेपटी असलेले मूल देवाचा अवतार नव्हे, तसेच पूर्वजांकडे परतलेला प्राणीही नव्हे. ते तपासणीचा हक्क असलेले एक बालक आहे. त्यास नमस्कार करणारे आणि त्यास हसणारे, दोघेही त्याचा मोलाचा वेळ दवडतात. तो वेळ वाचविणे हे सुईण, शिक्षक व शेजारी यांच्याही हाती आहे.