रात्रपाळीची बॉस

आमच्या उलव्यात लिफ्टमध्ये दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, 'पाणी आलं का?' आणि दुसरा, कडेवर बाळ असेल तर, 'रात्री झोपते ना?' बाळ हसतं का, रांगायला लागलं का, यात कुणालाच इंटरेस्ट नसतो. झोपतं म्हणजे शहाणं, झोपत नाही म्हणजे त्रास देतं. एवढी सोपी मार्कशीट! आमची कन्या नऊ महिन्यांची आहे आणि या मार्कशीटवर ती सपशेल नापास आहे. रात्री दोनदा उठते. कधी तीनदा. दात येत असले की आम्ही मोजणंच सोडून देतो.

तुम्ही म्हणाल, उलव्यात झोप लागते तरी कुणाला? पॉइंट आहे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी वर्षानुवर्षं सुरुंग लावून फोडली, रात्रंदिवस डंपर धावले, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमानंही उडायला लागली. पण आमची मॅडम विमानाने उठत नाही. ती उठते माझ्यासाठी.

हिशेब बघा. सकाळी सव्वासातला मी घराबाहेर. बामणडोंगरीहून नेरूळ, तिथून हार्बरने कुर्ला, पुन्हा गाडी बदलून करी रोड. ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. परत यायला सव्वाआठ. म्हणजे तेरा तास मी गायब. दिवसभर ती आजीजवळ मजेत असते, बाटलीतलं दूध जेमतेम पिते आणि दिवसाची सगळी उधारी रात्री माझ्याकडून वसूल करते. कामावर परतलेल्या आयांच्या बाळांचं हे नेहमीचंच आहे. स्तनपानाबद्दल मार्गदर्शन करणारी मंडळी त्याला 'रिव्हर्स सायकलिंग' म्हणतात. आमच्या सासूबाईंचं निदान जास्त सोपं आहे. 'अगं, तिला दिवसा आई मिळत नाही, म्हणून ती रात्री घेते.'

मोबाइलवरच्या अॅप्सना मात्र हे मान्य नाही. बाळाला संध्याकाळी सातला झोपवा, असा त्यांचा हट्ट. सातला मी कुर्ला आणि मानखुर्दच्या मध्ये कुठेतरी एका पायावर उभी असते! आणि गंमत म्हणजे सातचा मुहूर्त कुठल्या शास्त्राने घालून दिलेला नाहीच. २०१० मध्ये जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ देश-प्रदेशांतल्या तीन वर्षांपर्यंतच्या २९,२८७ मुलांच्या झोपेची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात भारतही होता. न्यूझीलंडची मुलं सरासरी साडेसातच्या सुमाराला झोपत होती आणि हाँगकाँगची १० वाजून १७ मिनिटांनी. जवळजवळ तीन तासांचा फरक! आशियातल्या मुलांची एकूण झोप थोडी कमी भरली हेही खरं, त्यामुळे रात्री बारापर्यंत टीव्हीसमोर बसवायला ही काही परवानगी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेला आकडा लक्षात ठेवायला बरा: चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसाच्या डुलक्या धरून १२ ते १६ तास, एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास. ते कसे भरायचे हे घराघरावर आहे. आमच्याकडे साडेनऊ ते सहा आणि दुपारच्या दोन दणदणीत झोपा.

दुसरा गैरसमज 'सलग झोपे'चा. तान्ह्या बाळाचं झोपेचं चक्र साधारण तासाभराचं, आपलं दीड तासाचं. एक चक्र संपून दुसरं सुरू होताना आपणही चाळवतो, कूस बदलतो, विसरून जातो. बाळाला अंधारात आपण कुठे आहोत ते कळत नाही, मग ते हाक मारतं. दिवस-रात्रीचा फरकच मुळी पहिले दोन-तीन महिने शरीराला उमगलेला नसतो. कॅनडातल्या ३८८ बाळांचा एक अभ्यास २०१८ मध्ये 'पीडियाट्रिक्स'मध्ये आला होता. सहा महिन्यांच्या वयाला ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. वर्षाची झाल्यावरही २८ टक्के नव्हतीच. आणि उठणाऱ्या बाळांच्या वाढीत काही कमी होतं का? तसं काही दिसलं नाही. हा आकडा मी फ्रिजवर चिकटवलाय. पाहुण्यांसाठी!

मग येतो 'स्लीप ट्रेनिंग'चा विषय. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये दोन घरांनी ऑनलाइन कन्सल्टंटचं पॅकेज घेतलं. बाळाला जागं असतानाच कॉटमध्ये ठेवायचं, रडलं तर आधी तीन मिनिटं थांबायचं, मग पाच, मग दहा. अमेरिकेतल्या डॉ. रिचर्ड फर्बर यांच्या १९८५ च्या पुस्तकामुळे ही पद्धत घराघरात पोचली. फेअर राहायचं तर, याने मुलांचं कायमचं नुकसान होतं असं काही सिद्ध झालेलं नाही. ऑस्ट्रेलियात अशा सौम्य पद्धती वापरलेल्या मुलांना वयाच्या सहाव्या वर्षी पुन्हा तपासलं, तेव्हा इतर मुलांपेक्षा ती ना चांगली निघाली ना वाईट. तेव्हा शेजारणीला 'निर्दयी' म्हणायचं काहीएक कारण नाही. सोमवारी सकाळी क्लायंट प्रेझेंटेशन असताना सलग पाच रात्री जागलेल्या बाईने काय करावं, हे झोपून उठलेल्यांनी ठरवू नये.

तरीही आम्ही ते केलं नाही. ती पद्धत बाळाला स्वतंत्र खोली आहे असं धरून चालते. आमच्या दोन बेडरूमच्या घरात एका खोलीत सासूबाई, दुसरीत आम्ही तिघं आणि भिंतीपलीकडे सकाळी पाचला ड्यूटीवर जाणारा शेजारी. पण खरं कारण ते नाही. रडणं ही तिची एकमेव भाषा आहे आणि तेरा तास बाहेर राहणाऱ्या आईने उरलेल्या अकरा तासांत ती भाषा 'म्यूट' करावी, हे मला पटत नाही.

आणि बाळ गप्प करणं कधीच कठीण नव्हतं. माझं ऑफिस ज्या गिरणगावात आहे, तिथे शंभर वर्षांपूर्वी बाळं छान झोपायची. दिवसभर! मुंबई सरकारने गिरण्यांतल्या कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला डॉ. बार्न्स यांना नेमलं होतं. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये 'लेबर गॅझेट'मध्ये छापून आला. गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असं त्यात नोंदवलंय. 'बाळागोळी' म्हणायचे तिला. चिमूटभर अफूची गोळी, पाळीवर जाताना चाटवायची. त्या आया निष्ठुर होत्या का? दहा तासांची पाळी, घरी सांभाळायला कुणी नाही, फार तर सात-आठ वर्षांची मोठी बहीण. बाळाच्या झोपेचा प्रॉब्लेम नव्हताच, पाळीचा होता.

म्हणून मला वाटतं की त्या काळात बाळांच्या झोपेसाठी सगळ्यात महत्त्वाचं काम कुठल्या डॉक्टरने नाही, कायद्याने केलं. मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार बायकांच्या प्रसूती रजेचं बिल आलं, १९२८ च्या जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं आणि १९२९ मध्ये कायदा झाला. देशातला असा पहिला. १९६१ चा केंद्राचा कायदा आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांचे २६ आठवडे झाले. माझी रजा त्यातलीच. सहा महिने मी तिच्या घड्याळावर चालले, आता ती माझ्या घड्याळावर चालावी अशी जगाची अपेक्षा आहे.

बाळागोळी गेली, पण तिच्या चुलत बहिणी अजून घराघरात आहेत. जायफळ उगाळून चाटवणं ही आपल्याकडची लाडकी युक्ती. जायफळ जास्त झालं तर विषारी ठरतं आणि सहाणेवरच्या चार वेढ्यांत नक्की किती उतरलं हे कुठली आजी मोजते? दुसरी युक्ती, सर्दीच्या सिरपची. 'देऊन टाक अर्धा चमचा, गुंगीने झोपेल.' डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन या मिश्रणाच्या औषधांवर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असा इशारा छापायला सांगितलं. घरातल्या बाटलीचं लेबल एकदा वाचा. आणि गुटीत मध नको, निदान पहिलं वर्ष. सासूबाईंशी या तीन विषयांवर माझ्या तीन वेगवेगळ्या चर्चासत्रं झाली. जायफळ आता फक्त श्रीखंडात पडतं.

मग करायचं काय? आमच्याकडे जे चालतं ते सांगते. सकाळी सातच्या आत तिला गॅलरीत उजेडात आणायचं. संध्याकाळी साडेआठनंतर ट्यूबलाइट बंद, एकच पिवळा दिवा. मग रोज तोच क्रम, तस्साच. मिंडेलबाईंचाच २००९ चा एक प्रयोग आहे, ४०५ आया आणि त्यांच्या मुलांवरचा. रोज रात्री अंघोळ, मालिश, शांत काहीतरी आणि दिवे बंद, एवढंच. दोन आठवड्यांत मुलं लवकर झोपायला लागली, कमी उठायला लागली आणि आयांचा मूडही सुधारला. आपल्याकडे मालिश-अंघोळ सकाळची. रात्रीच्या अंघोळीला 'सर्दी होईल' म्हणून व्हेटो आला. मग तडजोड: कोमट पाण्याच्या फडक्याने अंग पुसायचं, तळपायांना तेल, आणि नवऱ्याच्या बेसूर आवाजातली अंगाई. तिला तीच लागते. चॉइस तिचा.

कडेवर झोपलेलं बाळ खाली ठेवताच टक्कन डोळे उघडतं, हा तर जागतिक प्रश्न. त्यावर जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा यांच्या टीमने २०२२ मध्ये उत्तर दिलं. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं सलग चालायचं, मध्ये थांबायचं नाही. झोपलं की लगेच खाली ठेवायचं नाही, पाच ते आठ मिनिटं तसंच मांडीवर घेऊन बसायचं, मग ठेवायचं. बाळाला पाठ गादीला टेकण्यापेक्षा आपल्या अंगापासून सुटण्याची जाग येते म्हणे. प्रयोग २१ बाळांवरचाच, पण आमच्या हॉलमध्ये बाविसाव्या बाळावरही बऱ्याचदा चालतो. सोफ्यापासून किचनपर्यंत अठरा पावलं. मी मोजलीत.

रिस्पॉन्सिव्ह म्हणजे चूं केल्याबरोबर उडी मारणं नव्हे हं. बाळं झोपेत कुंथतात, हसतात, हातपाय झाडतात. एक मिनिट कान देऊन ऐकायचं. झोपेतलं असेल तर विरतं, हाक असेल तर चढतं. हाक असेल तर जायचं, दिवा लावायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत. एवढंच.

आता जरा सीरियस. बाळाला पाठीवरच झोपवायचं, कडक, सपाट गादीवर. राईची उशी डोक्याला गोल आकार देते म्हणून देतात. पहिल्या वर्षात ती नको, मऊ तक्के नकोत, तोंडावर येईल अशी गोधडी नको. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, निदान सहा महिने आई-बाबांच्या खोलीतच, पण वेगळ्या जागेवर. आपल्याकडे बहुतेकजण कुशीतच घेतात, हे मला माहीत आहे. निदान पलंगाला चिकटून बाळाची वेगळी जागा करा. आणि सिगारेट ओढणाऱ्या किंवा दोन पेग घेतलेल्या माणसाच्या शेजारी बाळ कधीच नको. सगळ्यात धोक्याचं म्हणजे सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन रील्स बघता बघता डोळा लागणं. घोरणं, श्वास अडखळणं, वजन न वाढणं असेल तर अॅप बंद करून डॉक्टरांकडे जायचं. आणि बाळ झोपलेलं असूनही तुम्हालाच झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, तर तोही आजार आहे आणि तो बरा होतो. 'टेलीमानस'चा १४४१६ हा नंबर २४ तास चालू असतो.

राहिला ऑफिसचा मुद्दा. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत पाळणाघर बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जायची मुभा दिली. छान! फक्त नऊ महिन्यांचं बाळ कुर्ल्याच्या पुलावरून सकाळी सव्वाआठला न्यायचं कसं, ते कायद्यात लिहिलेलं नाही. माझ्या कंपनीचं पाळणाघर लोअर परळला, बाळ उलव्यात. आणि बाबांचं काय? केंद्र सरकारी नोकराला १५ दिवस पितृत्व रजा आहे, प्रायव्हेटमध्ये कंपनीच्या मर्जीवर. नवऱ्याला पाच दिवस मिळाले, त्यातले दोन शनिवार-रविवार!

मग आम्हीच घरात पाळ्या लावल्या. साडेनऊ ते दोन माझी, दोन ते सहा त्याची. तीनच्या सुमाराला ती उठली की मी आधी काढून ठेवलेलं दूध तो पाजतो आणि अठरा पावलांच्या फेऱ्या सुरू करतो. पहिला आठवडाभर तिने त्याला चक्क नाकारलं, त्याच्याकडे बघून माझ्या नावाने हंबरडा फोडला. तो बसून राहिला, तिला घेऊन. नवव्या रात्री ती त्याच्या खांद्यावर झोपली. आता सकाळी त्याच्या ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा बंद असतो, एवढंच. आणि मी सासूबाईंच्या खोलीत, कानात कापूस घालून, दोन ते सहा सलग झोपते.